तोंड असलेली पुट्टी

जगातल्या यच्चयावत पाण्यावर आपला वडिलोपार्जित हक्क आहे असं मानणारा माणूस मी एकच पाहिला : आमचे थोरले साडू. राहायला गौलीगुड्यात, नोकरी सरकारी कचेरीत, आणि तोंडी सदैव नल्लमलाच्या डोंगरातली खवळलेली कृष्णा. ती त्यांनी एकदाच पाहिली होती, तीही काठावरून. एवढ्या भांडवलावर ते लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालाही भोवऱ्यातून कसं निसटायचं ते शिकवीत. रोज सकाळी रिकाम्या घंगाळात मांडी घालून, हाती उलथनं घेऊन त्यांचा वल्ह्याचा सराव चाले आणि तोवर सगळं घर पारोसं बसे.

त्या दिवसांत हैदराबाद राज्याची वाटणी चालली होती. इथंच राहणार की औरंगाबादेकडं जाणार, असं मराठी कारकुनांना विचारत होते. साडूंची बायको, म्हणजे माझी मेव्हणी अक्का, जायला उतावीळ. आमच्या सासूबाई तिकडं एकट्या, दृष्टी अधू झालेली. पण साडूंचं घोडं पाण्यात अडलेलं. “तिकडली गोदावरी गुडघाभर. तिच्यात मी काय पाय धुऊ?”

“आई चाचपडत चूल पेटवायलीय, अन् तुम्ही घंगाळात बसायलाव!” अक्का रडूच लागली. तेव्हा कुठं ते वरमले. “एकदा त्या कृष्णेत मला नाव घालू दे, मग म्हणशील तिथं येतो.”

मग अफझलगंजातून बांबू-कातडं आणून त्यांनी पुट्टी बांधवली. पुट्टी म्हणजे गोल टोपलीसारखी नाव. तिच्या एका कडेला यांनी लाल रंग फासला आणि ते तोंड ठरवलं.

“गोल टोपल्याला कसलं आलंय तोंड?” अक्का म्हणाली.

“तुला त्यातलं काय कळतं? नक्को बोलू.”

ती घेऊन आम्ही नल्लमलात गेलो; अक्का आणि मी कृष्णेच्या काठावर उभे राहिलो. पाण्यात पडताच पुट्टी आपल्या स्वभावाप्रमाणे गरगरू लागली आणि साडू ते लाल तोंड पुढं आणायला वल्ह्यानं झुंजू लागले. ते वळवावं तो पुन्हा मागं. समोरच्या खडकाकडं बघायला त्यांना सवडच मिळाली नाही. पुट्टी उलटली. खाली संथ डोहात ते तिला कवटाळून वर आले तेव्हा अक्का लुगड्यासकट कमरेभर पाण्यात शिरलेली होती, आणि तिला पोहता येत नव्हतं. त्यांनी तिला हाताला धरून काठावर आणलं. मग म्हणाले, “चल. सामान बांधू.”

ते गेले. तिकडं सासूबाईंची चूल आता हेच पेटवतात म्हणे. नदीचं नाव काढत नाहीत, हे ऐकून मला वाईटच वाटलं. जाताना ठेवून गेलेली पुट्टी इथं आमच्या अंबरपेठच्या अंगणात आहे. बायको तिच्यात मिरच्या वाळवते. झाडलोट झाली की तिचं लाल तोंड ती औरंगाबादेकडं करून ठेवते, आणि कुणी हलवलं तर मीच उठून ते परत तसं करतो.