बशीरचा आकडा कमी होता

बशीरच्या पुतण्याचा, इम्रानचा फोन आला तेव्हा मी सकाळचा पेपर वाचत होतो. “काका, चाचा गेले,” एवढंच तो म्हणाला. बशीर दूध आणायला म्हणून उठला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आता दीड महिना होत आला, तरी कुणी विचारलं की मी अजून “बशीर म्हणतो” असंच बोलून जातो.

बशीर आणि मी सोलापुरात एका शाळेत, एका बाकावर होतो. पुढे मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागलो आणि त्याने वडिलांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस सांभाळलं. चादरी-टॉवेलचे गठ्ठे बाहेरगावी पाठवायचे, ड्रायव्हरांशी हुज्जत घालायची. ट्रक भरेपर्यंत तो माझ्याकडून नेलेली पुस्तकं वाचायचा आणि चहाचे डाग पाडून परत करायचा. पन्नाशी उलटल्यावर आम्ही दरवर्षी एकत्र रक्त तपासायला जाऊ लागलो. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग समोरच्या हॉटेलात पोहे खायचे. रिपोर्ट हातात आले की प्रगतिपुस्तकांसारखे शेजारी ठेवून कोण पुढे ते बघायचं. यात काही चुकतंय असं आम्हाला बरीच वर्षं वाटलं नाही.

एका वर्षी माझं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, एकशे एकोणचाळीस आलं आणि त्याचं एकशे अठरा. स्वारी खूश. “मध्या, शाळेत लई पहिला यायचास की रे. आता बघ.” त्याच खुशीत आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोन्ही कागद वाचले. मला म्हणाल्या, रोज चाला, तळलेलं कमी करा, काही महिन्यांनी पुन्हा बघू. बशीरला मात्र कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी लिहून दिली. रोज एक, आणि बहुधा कायमची.

“मॅडम, चिठ्ठ्या बदलल्या काय? आकडा याचा जास्त हाय की.”

“नुसता आकडा बघून गोळी देत नाही, बशीरभाई. यांना साखर नाही, बीपी नाही. तुम्हाला साखर आहे, आणि तुमचे थोरले भाऊ ऐन चाळिशीत हार्टनं गेले. तुमच्यासाठी एकशे अठरासुद्धा जास्तच. बळजबरी नाही. घरी जाऊन विचार करा, पण काय ते ठरवा.”

ते थोरले भाऊ म्हणजे इम्रानचे वडील.

गोळ्यांची पट्टी बशीरने खिशात ठेवली आणि तशीच घेऊन फिरत राहिला. एक दिवस ऑफिसात म्हणाला, “गोळी चालू केली की मी भाईजानच्या मागं लायनीत उभा राहिलो असं वाटतंय बघ...” मग मी वाचून जे समजलं होतं ते सांगितलं. या गोळीने झटक्याची शक्यता कमी होते, नाहीशी होत नाही. काहींचे स्नायू दुखतात, तसं झालं तर डॉक्टरांना सांगायचं.

“म्हणजे गॅरंटी न्हाय.”

“नाही.”

“मग हे ट्रकच्या विम्यासारखं झालं. विमा काढला म्हणून गाडी उलटायची थांबती काय?”

“विमा नव्हे रे. ब्रेक तपासून घेण्यासारखं. तपासलेल्या गाडीलाही अपघात होतो, पण म्हणून तू तपासायचं सोडतोस का?”

त्याने खिशातली पट्टी काढली. मग पाणी मागवलं.

पुढच्या तपासणीत त्याचं एलडीएल चांगलंच खाली आलं आणि पठ्ठ्याने परस्पर गोळी बंद केली. “पास झालो की. आता परत त्याच वर्गात कशाला बसू?” काही महिन्यांत आकडा पूर्वीच्या जागी. तो गोळीमुळेच उतरला होता, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला हसत हसत पण चांगलंच खडसावून सांगितलं. पुढे पोटऱ्या दुखू लागल्या तेव्हा त्याने गोळी सोडली नाही, त्यांना दाखवलं. त्यांनी डोस बदलला, दुखणं थांबलं. त्यानंतर तो शेवटपर्यंत ती घेत होता.

दुखवट्याला होटगीहून आलेले एक पाहुणे सगळ्यांसमोर म्हणाले, “इतकी वर्षं गोळ्या खाऊन शेवटी काय झालं?” बशीरची बायको, आमच्या भाभी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जेठजी चव्वेचाळीसला गेले. हे अडुसष्टचे झाले. नातीला कडेवर घेऊन फिरले, माझ्याशी पोटभर भांडले. और क्या होना था?”

ती वर्षं गोळीने दिली की आणखी कशाने, हे मला सांगता येत नाही. एका माणसापुरतं ते कुणालाच सांगता येणार नाही. पण भाभींचं बोलणं दारात उभ्या असलेल्या इम्रानने ऐकलं होतं. मी निघताना चपला घालत होतो, तेव्हा तो माझ्यामागे आला. “काका, मलापण घेऊन चला रक्त तपासायला.” तो आता बेचाळीसचा आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही जाऊन आलो. रिपोर्ट मिळाल्यावर समोरच्या हॉटेलात बसून त्याने आधी आकडे वाचले आणि मोठा श्वास सोडला. “थोडंच वर आहे, काका. डॉक्टरांकडे जायची गरज नाही, हो ना?” मी कागद घेतला आणि पालथा ठेवला.

“साखर?”

“नाही.”

“सिगारेट?”

इम्रानने घड्याळाचा पट्टा सैल केला आणि पुन्हा आवळला. “सोडलीय की. कधीच...”

बशीर साफ खोटं बोलायच्या आधी अगदी हेच करायचा. शाळेत मास्तरांसमोर, ऑफिसात वडिलांसमोर, आणि पुढे भाभींसमोर.

“पुन्हा सांग,” मी म्हणालो, “आणि हात टेबलावर ठेव.”