खापरपणजोबांची जखम

विलायतेहून आलेली आमची पाहुणी ॲन ओसरीवर बसून तिचे खापरपणजोबा शोधत होती. इंग्रजांच्या घोडदळात साधे शिपाई म्हणून ते पुण्याला होते, एवढंच तिला ठाऊक होतं. “इथं त्यांनी कुणाला मारलं असेल का?” असं तिनं आल्याआल्या विचारलं होतं. तेव्हापासून आईनं दिलेला चहासुद्धा ती संकोचत घ्यायची.

आज तिकडून त्यांच्या नोकरीचे कागद आले. लढाई एकही नाही. सगळी वर्षं घोड्यांना खरारा करण्यात आणि चारापाणी बघण्यातच गेली असणार. इतिहासाला लढाया लागतात. माणसाचं आयुष्य मात्र बहुधा अशा खराऱ्यातच सरतं. तो परका शिपाई मला एकदम आमच्या आळीतला वाटायला लागला.

कागदात जखम एकच होती. घोड्यानं लाथ मारली म्हणून ते इथल्या इस्पितळात पडून होते. मी हे आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “घोडा आपल्याकडचा असणार.”

मी ते ॲनला इंग्रजीत सांगितलं. ती पोट धरून हसली, आणि पहिल्यांदाच तिनं आणखी चहा मागितला.