निकाहाचा वकील

ऊदच्या अत्तराचा वास आला की आजही मी उठून खिडकी उघडते. लोक म्हणतात, काय उंची वास! मला त्यात सडलेल्या पायाचा वास येतो. हे दोन्ही वास मी सौदीतल्या दम्मामच्या इस्पितळात एकाच खोलीत घेतले आहेत आणि त्यांतला जास्त घाण कुठला, हे मला नक्की माहीत आहे.

आखाती युद्धाचे दिवस होते. आमचे हे बंदरावरच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. त्यांना साखरेचा आजार, आणि त्याहून मोठा आजार म्हणजे ‘काय नाय होत.’ बुटाने टाच सोलली, ती चिघळली, तरी मोजा चढवून कामावर. संध्याकाळी मोजा उतरवला की मी नाकाला पदर लावून खिडकीकडे धावायची. खिडकी कुठली उघडतेय! विषारी गॅसच्या धास्तीने सगळ्या फटी टेपने चिकटवलेल्या. तो वास रोज आमच्याबरोबर जेवायला बसायचा.

टाच काळी पडायला लागली तेव्हा मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, “उद्या तू बेशुद्ध झालास तर तुझ्या वतीने हो-नाही कोण म्हणणार? त्यात ही लढाई, कोण कुठे असेल नेम नाही. वकाला करून ठेव.” वकाला म्हणजे आपलं मुखत्यारपत्र. ते ज्याच्या नावाने करायचं, त्याला अरबीत वकील म्हणतात. घरी आमचं ठरलं, नाव माझं घालायचं. मुलं लहान, दीर रत्नागिरीला, दुसरं होतंच कोण?

कचेरीत बायकांना आत घेत नव्हते. मी बाहेर टॅक्सीत बसून राहिले. हे आत गेले आणि कारकुनाने कोंबडीभात खाता खाता यांचा पासपोर्ट उघडला. त्यात माझं नाव होतं. ही बायको का, निकाह कुठे झाला, असं त्याने विचारलं. मग विचारलं, “वकील कोण?”

आता आमच्याकडे वकील म्हटला की एकच. निकाहाच्या वेळी दोन साक्षीदार घेऊन बायकांच्या खोलीत येतो, मुलीला कबूल आहे का विचारतो आणि तिचा होकार बाहेर काझीला नेऊन सांगतो, तो. बोलणं निकाहाचंच चाललंय, तेव्हा हेही त्यातलंच, असं यांना वाटलं. माझ्या निकाहाचे वकील होते माझे सख्खे मामू. ते जेद्द्याला असायचे, तिथल्या शराफिया भागात त्यांचं कापडाचं दुकान. यांनी मामूंचं नाव सांगितलं, त्यांच्या बापाचं सांगितलं, वर दुकानाचा पत्तासुद्धा दिला. शिक्का बसला.

“काम खलास!” टॅक्सीत बसता बसता हे म्हणाले. “लय चौकशी करतात गं. तुझ्या निकाहाचा वकील कोण, तेसुद्धा विचारलान!”

मला हसू आलं. कागदावर कारकुनाच्या बोटांचे तेलकट डाग होते. ते मी ओढणीने पुसले. कुराण आम्ही दोघं वाचायचो, पण ते गिचमीड अरबी हस्ताक्षर कोणाला लागणार? कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून इकाम्याजवळ, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याजवळ, ठेवून दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी यांना दुपारी सणकून ताप भरला आणि ते बडबडायला लागले. इस्पितळात पोचेपर्यंत शुद्ध गेली. डॉक्टरने पाय पाहिला आणि म्हणाला, आजच्या आज गुडघ्याखालून कापायला हवा, नाहीतर विष वर चढेल. मी म्हटलं, पेन द्या. आणि तोऱ्यात पिशवीतून कागद काढला.

इस्पितळाच्या माणसाने तो वाचला आणि माझ्यासमोरचं पेन उचलून घेतलं. मल्याळी नर्सने मला हिंदीत समजावलं, “इसमें आपका नाम नहीं है. वकील कोई जेद्दा का आदमी है.” तिने नाव वाचलं.

“वो तो मेरे निकाह का वकील है!” मी ओरडले.

तिने ते अरबीत सांगितलं. तो माणूस हसला, मान मागे टाकून. त्याचे पिवळे दात माझ्या अजून डोळ्यांपुढे आहेत. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, हा कागदच नसता तर तुझी सही चालवून घेतली असती. आता कागद आहे, म्हणजे त्यातलाच माणूस पाहिजे. कफीलच्या, म्हणजे यांना कामावर आणणाऱ्या मालकाच्या, कचेरीने तर कानांवर हातच ठेवले. लढाई चाललीय, घरगुती भानगडी घेऊन येऊ नका म्हणे.

मी जेद्द्याला फोन लावला. मामूंना सगळं नीट सांगितलं आणि म्हटलं, लगेच या.

“बेटा, तिकडं मिसाइलं पडतायत. मलापन पोरंबाळं हायत.”

“मग येऊ नका. तिथल्या कचेरीत जाऊन लिहून द्या आणि फॅक्स करा.”

“पाय कापायला मी हो म्हणू? उद्या तो उठून मलाच शिव्या घालील. जरा थांबून बघा. मी दुवा करतो.”

पुढच्या प्रत्येक फोनला मामी आली. “ते नमाजला बसलेत.” सकाळी नमाज, दुपारी नमाज, मधल्या वेळीही नमाज. अल्लाचं नाव पुढे करून लपणाऱ्या त्या माणसाची मला शिसारी आली. आणि मला माझा निकाह आठवला. मी मान खाली घालून हमसत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मामू क्षणभरही थांबले नव्हते. बाहेर जाऊन त्यांनी काझीला बेधडक सांगितलं होतं, “मुलीला कबूल हाय.” पंगत खोळंबली होती ना! मी न म्हटलेलं कबूल तेव्हा ते धावत घेऊन गेले. आता मी घसा फोडून हो म्हणत होते, तर तेवढं पोचवायला त्यांना जमत नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनीच आपसात सह्या केल्या आणि पाय कापला. तोवर विष चढलं होतं. गुडघ्याखालून कापायचा पाय गुडघ्याच्या वरून गेला.

लढाई थांबली तसे मामू विमानाने आले. पांढराशुभ्र पायघोळ अरबी तोप, खजुराचा डबा, अंगाला ऊद फासलेलं. यांची जखम अजून वाहत होती. पलंगाशी बसून ते यांना म्हणाले, “मी घाईने हो म्हटला नाय, म्हणून तर जीव वाचला तुझा.” हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला त्या माणसाला खजुरासकट बाहेर काढावंसं वाटलं. पण पडले सख्खे मामू. मी चहा दिला.

डॉक्टरच्या सांगण्यावरून त्याच वेळी कचेरीचा कारकून खोलीत आला. जुना कागद रद्द करून नवा करायचा होता. त्याने विचारलं, वकील कोण? यांनी बोलायच्या आधी माझा हात धरला, मग माझं नाव सांगितलं आणि पुन्हा एकदा सांगितलं. नर्सने कारकुनाकडून ते तिसऱ्यांदा वाचून घेतलं.

मग, हिला कबूल आहे का, असं कारकुनाने विचारलं. पण ते माझ्याकडे बघून नाही. खोलीत दुसरा धडधाकट पुरुष एकच होता, त्याच्याकडे बघून.

मामूंनी घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

“कबूल,” मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की मामूंच्या हातातला चहा तोपवर सांडला.