गणिताच्या तासाचा चहा

आमच्या वर्गातल्या पोरींना चहा उत्तम यायचा आणि भागाकार अजिबात यायचा नाही. दोन्हींचं श्रेय एकाच माणसाला, आमच्या गुरुजींना.

ते बारामतीहून सकाळच्या एसटीनं इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात उतरायचे आणि संध्याकाळी परत जायचे. अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांना दिवसभरात एक सुरकुती पडायची नाही. सुरकुती पडायला काही काम तर केलं पाहिजे! गणिताचा तास आला की फळ्यावर एक उदाहरण लिहायचे आणि म्हणायचे, "आज चहाला कोण?" मग सातवीतली एक पोरगी उठून मागच्या खोलीत स्टो पेटवायला जायची. पोरांना कधी उठवलं नाही. पोरांच्या हातच्या चहानं गुरुजींना मळमळायचं म्हणे.

माझा चहा त्यांना फार आवडायचा, म्हणून बहुतेक दिवस मीच स्टोपाशी. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आठवलं की आजही कसंतरी होतं. सातवीला गणितात नापास झाले. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "डोक्यात उतरत न्हाय तर बास झालं." गुरुजींनी दुजोरा दिला, "पोरगी कामाला चलाख आहे, आबा. घर चांगलं सांभाळेल." संपली शाळा.

लग्न होऊन इंदूरला गेले. तिथं कुणी शिक्षण विचारलं की "सातवी" सांगून मी लगेच विषय बदलायचे. आता पुढं काहीतरी विचारतील, अशी धास्ती. आमच्या घरमालकीणबाई परकर शिवून द्यायच्या. त्यांनी मला हाताखाली घेतलं. एवढ्या कापडात किती परकर बसतील, असं त्यांनी सहज विचारलं आणि मी रडायलाच लागले. त्या हसल्या नाहीत. कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि फरशीवर भागाकार मांडला. चारपाच दुपारी बसल्या माझ्यापाशी, आणि मला यायला लागला. त्यांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. गुरुजींना मात्र अख्ख्या वर्षात तेवढ्या चारपाच दुपारी सापडल्या नव्हत्या.

पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आले. धाकटी बहीण तेव्हा सातवीत. जवळ येऊन बसली तर हाताला रॉकेलचा वास.

"चहा?" मी विचारलं.

"व्हय. गुरुजी म्हनत्यात, ताईसारखाच करती."

आबा तिथंच बसले होते. "गनितात गेली तर हिचीबी शाळा बास," म्हणाले, जणू हवापाण्याचं बोलावं तसं.

दुसऱ्या दिवशी पोट सावरत शाळेत गेले. रागानं गेले असं लिहायला आवडलं असतं, पण भीत भीतच गेले.

"आलीस का गं!" गुरुजी खुर्चीतूनच म्हणाले. "इंदूरला चहातबी शेव घालतात काय?"

"गुरुजी, मी हाय तोवर चहा मी करते. तिला वर्गात बसू द्या."

"कर की! अवघडलेल्या बाईला हालचाल चांगली."

स्टो पेटवून मी भिंतीला कान लावला. फळ्यावर खडू वाजला. मग काहीच नाही. बघते तर गुरुजी पडवीत जाऊन बसलेले, सोबत गावातले दोन पुढारी. कारखान्याच्या निवडणुकीत कोण कुणाला पाडणार, ही चर्चा घंटा होईपर्यंत चालली. उदाहरण फळ्यावर तसंच. इतकी वर्षं मी समजत होते की चहापायी माझा गणिताचा तास बुडाला. तास मुळात नव्हताच. वर्गात बसलेल्यांनाही फक्त फळाच बघायला मिळत होता.

त्या दिवशी गुरुजींची भीती गेली आणि किळस उरली. दुसऱ्या दिवशी बहिणीला म्हटलं, "चल, चहाला."

इंदूरचा खडू पिशवीत होताच. आधण ठेवायचं आणि शहाबादी फरशीवर भागाकार मांडायचा. आठवड्याभरात आणखी चार पोरी चहाला यायला लागल्या. गुरुजी एकदा दारात आले, तशी मी खडूवर पदर टाकला.

"एका चहाला एवढ्या पोरी कशाला गं?"

"तुमच्याकडं बसणारी मानसं वाढल्यात, गुरुजी."

"ते आहेच," म्हणाले आणि खूश होऊन दुसऱ्या चहाचं सांगून गेले. आमचा तास तेवढा लांबला. शिक्षणासाठी त्यांनी केलेलं हे एकमेव काम.

मला मुलगी झाली. बहीण गणितात पास झाली. आबांना आता नाही म्हणता येईना. आठवीला बारामतीत तिचं नाव घातलं. जूनमध्ये मी इंदूरला परत निघाले, त्या सकाळी आम्ही दोघी एसटीची वाट बघत थांबलो. त्याच गाडीतून गुरुजी उतरले.

"माझी विद्यार्थिनी!" त्यांनी कंडक्टरला सांगितलं. मग बहिणीला म्हणाले, "गाडीला वेळ आहे. तेवढा चहा टाकून जा की."

तिच्या जागी मी असते तर गेले असते.

तिनं दप्तर खांद्यावर चढवलं. "जागा जाईल, गुरुजी," म्हणाली आणि गाडीत चढून खिडकीशी बसली.

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. लेक माझ्या खांद्यावर झोपली होती.

"हिला अजून स्टो पेटवता येत न्हाय, गुरुजी," मी म्हणाले.

ते मोठ्यानं हसले. त्यांना ती थट्टा वाटली.