हेरफर्डच्या दोन खेपा, रायफल एक

आधीच सांगते, या सहलीचे फोटो नाहीत. फोटो काढायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीत नेमबाजी केली. मग नोकरी, व्हिसा, इंग्लंडमधलं रीडिंग शहर. इथल्या क्लबात तीन वर्षं दुसऱ्यांच्या रायफली वापरल्या आणि शेवटी वेल्सच्या सीमेजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे माझी स्वतःची बनवायला टाकली. चौदा महिने थांबले. जूनच्या क्लब स्पर्धेत नाव दिलं आणि मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सातला मी आणि निखिल, माझा नवरा, निघालो.

रस्ता सुंदर आहे, हे रागातही कबूल करते. स्विंडनपर्यंत एम-फोर महामार्ग, मग ग्लॉस्टर, रॉस, हेरफर्ड. तीन तास धरून चाला. महामार्गावरच्या थांब्यांवरची, म्हणजे सर्व्हिसेसमधली, कॉफी महाग आणि पाणचट, थर्मास न्या. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्याही नेल्या होत्या. हेरफर्डनंतर रस्ता इतका अरुंद होतो की समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी मागे जायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच.

त्या कारागिराची, कॉलिनची, कार्यशाळा एका शेताच्या टोकाला आहे. बाकावर काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ओळीने मांडलेल्या. "सगळ्या एकाच आईच्या," तो म्हणाला. मूळ पुंगळी एकच. तिचं तोंड लहान-मोठं केलं की वेगवेगळ्या जाडीची गोळी बसते. बूड तेच, म्हणून रायफलचा मागचा भागही तोच, नळी तेवढी वेगळी. मी त्यातली सात मिलिमीटरची निवडली होती, वर्षभर डोकं खाजवून.

मग त्याने रायफल हातात दिली. अक्रोडाचा दस्ता, काय सुरेख! पण नळीवर आकडा सहा मिलिमीटरचा.

"ही माझी नाही," मी म्हटलं.

कॉलिन निखिलकडे बघायला लागला. "तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. लहान माप करा म्हणाले, परवान्याचं ते बघतील."

"अगं, प्रॅक्टिसनंतर तुझा खांदा दुखतो ना," निखिल म्हणाला. "छोटी गोळी, कमी धक्का. सरप्राइज होतं. आणि लायसन्स रायफलचंच आहे ना?"

"माप लिहिलेलं असतं त्यावर! सात! मला एकदा विचारावंसं वाटलं नाही? तुलाही नाही आणि ह्यांनाही नाही?"

परवान्यावर नसलेलं माप कॉलिन देऊ शकत नव्हता. पोलिसांकडून परवाना बदलून घ्या, काही आठवड्यांचं काम, असं तो समजुतीच्या सुरात म्हणाला, पुन्हा निखिलकडेच बघून. माझं डोकंच फिरलं. माझा खांदा, माझा परवाना, माझे चौदा महिने, आणि बोलणी या दोघांची!

"परवाना बदलणार नाही," मी म्हटलं. "नळी बदला. मागचा भाग तोच राहतो, आत्ताच सांगितलंत."

परतताना रॉसच्या पबमध्ये स्टेक पाय खाल्ला, मांस भरलेली भाजकी कचोरीच म्हणा. चव उत्तम होती. निखिलशी मी स्विंडनपर्यंत बोलले नाही.

जूनच्या स्पर्धेत मी खुर्चीत बसून इतरांचे गुण लिहिले.

ऑगस्टमध्ये एकटीच गेले. हवा छान, ट्रॅक्टर तीन. कॉलिनने नळीवरचा आकडा आधी मला दाखवला आणि मगच रायफल हातात दिली. माफी मात्र मागितली नाही.

आता रायफल घरच्या पोलादी कपाटात असते. पहिल्या रविवारी क्लबातून आले तेव्हा निखिलने दारातच, जरा भीतभीतच विचारलं, "खांदा दुखतोय का?"

"दुखतोय," मी म्हटलं. "माझा आहे."