भाऊ हयात नसल्याचा कागद

लग्नानंतर सव्वा वर्षाने मी शारजाला नोकरीला लागले, ती रोल्ला भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये. पुण्यात एका वकिलाकडे टायपिंग केलं होतं, तेवढंच माझं भांडवल. मालक मूळचे ठाण्याचे. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे काउंटर आणि मागे तीन टेबलं. इंग्रजी कागद माझ्याकडे, अरबी उस्तादांकडे, तिसऱ्या टेबलावर मालक. व्हिसाचे फॉर्म, जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, मुखत्यारपत्रं. सकाळी आठ ते एक आणि परत चार ते नऊ. मधल्या तीन तासांत घरी जायचं, पुढे मुलगी झाल्यावर तिला शाळेतून आणायचं, जेवायचं, आणि पुन्हा घामाने निथळत त्याच रस्त्याने यायचं. दिवसातून दोनदा ऑफिसला जायची सवय मला चौदा वर्षांत झाली नाही.

उस्ताद एडनचे. अरबीत शिकवणाऱ्याला, जाणत्या माणसाला उस्ताद म्हणतात. ते शिक्षक कधीच नव्हते, पण सगळ्या गल्लीत त्यांना तेच नाव होतं. साठीला टेकलेले, किरकोळ बांध्याचे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. माझ्याशी हिंदीत बोलत, आणि ते हिंदी मुंबईचं होतं. त्यांच्या लहानपणी एडनच्या बंदरात मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. त्यातल्या एका पेढीवर ते सोळाव्या वर्षी कारकून म्हणून चिकटले होते. एडनला पंख्याला ‘बंका’ म्हणतात आणि लोणच्याला ‘अशार’, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यानंतर महिनोन्‌महिने स्वतःबद्दल काही सांगितलं नाही.

त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यानेच कळली, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. इंग्रज गेले आणि काही वर्षांत तिथे एकाच पक्षाचं राज्य आलं. पेढ्या सरकारजमा झाल्या. ज्याच्याकडे दोन घरं, त्याचं एक गेलं. उस्तादांना इंग्रजी येत होतं म्हणून त्यांना एका खात्यात भाषांतराचं काम मिळालं. पूर्व जर्मनीहून सल्लागार येत, त्यांचे इंग्रजी अहवाल उस्ताद अरबीत करत. सिमेंट, मासळी, साक्षरता. सगळे अहवाल सारखेच असत, ते म्हणाले, शेवटचं पान आधी केलं तरी चालायचं.

एकदा त्यांनी मोर्च्यांबद्दल सांगितलं. कामावरून लोकांना ट्रकमध्ये भरून न्यायचे आणि घोषणा द्यायला लावायचे. घोषणा काय, तर आमचे पगार कमी करा. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण खरंच लोक भर उन्हात हात वर करून पगार कमी करायची मागणी करत चालले होते, आणि त्यात उस्तादही होते. त्यांचा धाकटा भाऊ बंदरावर कारकून होता. तो त्या मोर्च्यात हसला. मोठ्याने नाही, पण शेजारच्यांना ऐकू जाईल इतपत.

पाच-सहा आठवड्यांनी तो दुपारी जेवायला घरी आला असताना दोन माणसं आली. पाच मिनिटांचं काम आहे म्हणाली. ताट तसंच ठेवून तो गेला. बायकोला सातवा महिना होता. नंतर कोणी म्हणालं डोंगरातल्या तुरुंगात आहे, कोणी म्हणालं जहाजातून कुठेतरी नेला. कागद काहीच नाही, आरोप नाही, शिक्षा नाही, निरोप नाही. बायकोला मुलगी झाली.

दोन वर्षांनी उस्ताद बायकोमुलांना घेऊन उत्तरेकडच्या सरहद्दीपलीकडे निघून गेले. ट्रकने, मग पायी, मग परत ट्रकने. भावजय आली नाही. तो परत आला तर घर बंद दिसायला नको, असं तिचं म्हणणं. पलीकडच्या देशाचा पासपोर्ट त्यांनी कसा मिळवला ते मी कधी विचारलं नाही. त्या पासपोर्टवर ते शारजाला आले आणि इथेच राहिले. इथे त्यांना निर्वासित कोणी म्हणत नव्हतं, कारण इथे तसा शिक्काच नव्हता. तीन वर्षांचा व्हिसा त्यांनाही आणि आम्हालाही. फरक एवढाच की दर उन्हाळ्यात आम्ही खोकी बांधून पुण्याला जायचो आणि ते दुकान सांभाळायचे.

नव्वद साली एडनचा देश आणि तो उत्तरेकडचा देश एक झाले. टपाल सुरू झालं, फोन लागायला लागले. मग मध्ये परत लढाई, परत सगळं बंद, परत सुरू. त्यानंतर दोनएक वर्षांनी एडनहून आलेल्या एका माणसाने भावजयीचं पत्र आणून दिलं. उस्तादांनी ते काउंटरशी उभ्याउभ्याच वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

पुतणीचं लग्न ठरलं होतं. तेवीस वर्षांची मुलगी, स्थळ चांगलं, मुलगा औषधांच्या दुकानात. पण काझी विचारत होता, मुलीचा बाप कुठे आहे? बाप असताना दुसरा कोणी पालक म्हणून सही करू शकत नाही. बाप नसेल तर नसल्याचा कागद आणा. असा कागद कोणत्याही कचेरीत नव्हता, कारण ज्यांनी नेलं त्यांनी नेल्याची नोंदच कुठे ठेवली नव्हती. सख्ख्या भावाने लिहून दिलं की तो हयात नाही, तर काझी चालवून घेणार होता. मग पालकही तोच भाऊ, म्हणजे उस्तादच. दोन कागद हवे होते: एक भाऊ वारल्याचा आणि दुसरा त्यांच्या वतीने सही करायचा अधिकार भावजयीच्या भावाला देणारा.

आमच्या दुकानात हे पंधरा मिनिटांचं काम. पण पत्र ड्रॉवरमध्येच राहिलं. दुसरं पत्र आलं. मग फोन यायला लागले. ते घ्यायचे, ‘इन्शाल्ला, इन्शाल्ला’ म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. दोन महिने गेले. शेवटी मालक एकदा माझ्या टेबलाशी येऊन हळूच मराठीत म्हणाले, “तुमचं ऐकतील ते. जरा बोलून बघा. पोरीचं लग्न मोडेल.”

मी बोलले. आता आठवलं की नको वाटतं, पण तेव्हा मी दिवसाला तीस-चाळीस कागद टाइप करत होते आणि मला खरोखरच तसं वाटत होतं. मी म्हटलं, “उस्ताद, काग़ज़ ही तो है.”

ते रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले, आणि मग माझ्याकडे न बघता त्यांनी राहिलेलं सांगितलं. भावाला नेल्यावर महिन्याभराने त्यांच्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. समोर एक ओळ लिहिलेला कागद होता. या माणसाशी माझा संबंध नाही आणि मी त्याला भाऊ मानत नाही. साहेब वाईट नव्हता, ते म्हणाले, त्याने चहासुद्धा मागवला होता. वर हळूच सांगितलं, काग़ज़ ही तो है. मुलं लहान होती. उस्तादांनी सही केली. त्याच टेबलावर परत अहवाल करत बसले. आणखी दीड वर्ष केले.

“एक बार लिख के दिया कि ये मेरा भाई नहीं,” ते म्हणाले. “अब लिख के दूँ कि ये ज़िंदा नहीं.”

 काउंटरवर एक पाकिस्तानी ड्रायव्हर लायसन्सचा कागद घेऊन उभा होता, त्याचं काम मी केलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते साइटवरून आले होते, बुटांतली वाळू बाल्कनीत झाडत होते. सगळं ऐकून ‘अवघड आहे’ म्हणाले आणि आंघोळीला गेले. मुलगी होमवर्क करता करता म्हणाली, “Who died, Aai?” मी म्हटलं, कोणी नाही गं, तू लिही.

पुढच्या आठवड्यात पुतणीने स्वतःच दुकानात फोन केला. मी उचलला, तिचं अरबी मला कळेना, मी रिसीव्हर उस्तादांकडे दिला.  फोन ठेवल्यावर म्हणाले, ती रडली नाही, भांडली नाही, फक्त एवढंच म्हणाली की काका, मी थकले. आई रोज दार उघडून बघते, मला त्या घरातून निघायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. मला वाटलं होतं, ते सरळ अरबीत लिहितील. जायचा होता कागद एडनलाच. पण ते इंग्रजीत सांगायला लागले आणि मी टाइप करत गेले. मी खाली सही करणार अमुक, राहणार शारजा, शपथेवर लिहून देतो की. तिथे ते थांबले. मग भावाचं नाव, त्यापुढे बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं, अशी सगळी लांब ओळ सांगितली. मी म्हटलं, ‘माझ्या माहितीप्रमाणे’ असं घालू या का? त्यांनी मान हलवली. तसं चालणार नाही, काझी परत पाठवेल. तारखेच्या जागी काय घालू विचारलं तर म्हणाले, महिना नको, नुसतं साल घाल. कोणतं, ते त्यांनी थोडा विचार करून सांगितलं. नेलं ते साल नव्हतं, त्याच्या पुढचं होतं. त्यांनी भावाला एक वर्ष जास्त दिलं होतं.

मग तो इंग्रजी कागद घेऊन ते आपल्या टेबलावर गेले आणि कुठल्याही गिऱ्हाइकाचा असावा तसा त्यांनी त्याचा अरबी तर्जुमा केला. एका बैठकीत, खाडाखोड न करता. मालक आणि शेजारचा किराणावाला साक्षीदार झाले. मालकांनीच गाडीतून नेऊन पुढचे शिक्के मारून आणले. एकच्या आत सगळं खलास. उस्ताद त्या दुपारी घरी गेले नाहीत, खुर्चीतच डोळे मिटून बसून राहिले. चार वाजता पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा उठले.

लग्न झालं. उस्ताद गेले नाहीत. पासपोर्टवर जन्मगाव एडन होतं आणि विमानतळावर कोण काय विचारेल याची भीती त्यांना तेव्हाही होती, ते राज्य जाऊन इतकी वर्षं झाली तरी. लग्नाचे फोटो आले, ते आम्हाला दाखवले. भावजयीने चार महिने पांढरे कपडे घालून सुतक पाळलं. त्याबद्दल ते इतकंच म्हणाले की तिला तरी आता दुपारची झोप लागते.

दोन हजार एक साली पुतणी नवऱ्याला आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन शारजाला आली. उस्तादांनी चार दिवस आधी दाढी कोरून घेतली. त्यांनी मनात तयारी केली होती हे मला दिसत होतं. ती विचारणार, तेव्हा तुम्ही काय केलंत? माझ्या बापाला नेलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? याचं उत्तर त्यांनी बसवून ठेवलं होतं. सहीचंही सांगायचं ठरवलं होतं.

तिने तसलं काही विचारलं नाही. ती आठ दिवस राहिली. मॉल बघितले, सासूसाठी मिक्सर घेतला, समुद्रावर गेली. शेवटच्या दिवशी जेवताना तिचा मुलगा डाव्या हाताने भात खायला लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरला आणि सहज म्हणून काकांना विचारलं, माझे वडील डावरे होते का? सासू म्हणते हे आमच्याकडचं नाही.

उस्तादांना आठवेना.

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, हातातला कागद अर्धा ठेवून. एका खोलीत वाढलो, एका ताटात जेवलो, ते म्हणाले. तो लिहिताना दिसतो, हात दिसतो, पण कोणता ते दिसत नाही. त्यांनी भावजयीला फोन करून विचारलं होतं. ती म्हणाली, उजवाच असेल.

त्यानंतर दोन वर्षं ते दुकानात होते. नजर कमी झाली, चुका व्हायला लागल्या, मी त्यांच्या कागदांतले आकडे आणि तारखा ताडून द्यायचे. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी येऊन त्यांना अल ऐनला घेऊन गेली. हे झालं ते आम्ही पुण्याला गेलो होतो तेव्हा. परत आले तर त्यांच्या टेबलावर लेबनॉनचा एक तरुण कॉम्प्युटर घेऊन बसलेला होता. ईदला त्यांचा माझ्या घरी फोन यायचा. मुलगी कितवीत आहे विचारायचे, मी सांगायचे, मग दोघांकडेही काही बोलायला नसायचं. मीही त्याच वर्षाअखेर नोकरी सोडली. काही वर्षांनी आमचं घर बदललं, नंबर बदलला. नवा नंबर त्यांना कळवायचा राहून गेला.