गाजरवाली आई

वजनबाई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण बालआरोग्य केंद्रात एकोणीस वर्षं रोज तीस-चाळीस तान्ही बाळं काट्यावर ठेवणाऱ्या नर्सला लोक दुसरं काय म्हणणार? तिलाही ते आवडायचं. केंद्राचा फोन उचलला की ती स्वतःच ठसक्यात सांगायची, "बोला, वजनबाई बोलतेय."

दर बुधवारी सकाळी वरच्या मजल्यावर ती नव्या आईबापांचा वर्ग घ्यायची. गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, मधे चटई, आणि पाय सैल झालेली एक रबरी बाहुली. अंघोळ कशी घालायची, ढेकर कशी काढायची, ताप कसा मोजायचा, सगळं त्या बाहुलीवर. समोर बसलेल्यांचे डोळे जाग्रणानं तांबारलेले असायचे. अशा माणसांना उपदेश केला तर ती बसल्या जागी झोपतात, हे वजनबाई पहिल्या वर्षातच शिकली. म्हणून ती हसवायची, आणि त्यात तिचा हात धरणारं केंद्रात कोणी नव्हतं.

तिची हुकमी गोष्ट म्हणजे गाजरवाली आई. एका आईनं आपल्या लेकीला महिना-दीड महिना दोन्ही वेळा उकडलेलं गाजर भरवलं. नाक नारिंगी, तळहात नारिंगी, तळपाय नारिंगी. मग ही बया केंद्राचं दार उघडायच्या आधीच पायरीवर हजर, पोरीला कावीळ झाली म्हणून हंबरडा फोडून. पोरगी मात्र कडेवर मजेत बोटं चोखतेय. डॉक्टरांनी डोळे बघितले, ते पांढरेशुभ्र. म्हणाल्या, काही झालेलं नाही, तेवढं गाजर थांबवा.

घडलं होतं एवढंच. पण वजनबाईनं चार वर्षांत त्याला भरपूर तिखटमीठ लावलं. आधी त्या आईचे केस पिंजारले, मग दोन पायांत दोन वेगळ्या चपला आल्या, मग अंगात नवऱ्याचा शर्ट आला, तोही उलटा. हे सगळं ती करून दाखवायची आणि वर्गाची हसून मुरकुंडी वळायची. शेवटी बोट वर करून सांगायची, काही शंका आली तर लाजू नका, सरळ माझ्याकडे या.

एक गोष्ट मात्र ती सांगत नसे. त्या आईला गाजराचं वेड लागलं कुठून? तर याच वर्गातून. "गाजरासारखं दुसरं काही नाही, बिनधास्त द्या," हे वजनबाईचेच शब्द होते. सुरुवातीला एकदोनदा तिनं तेही सांगून पाहिलं, पण तिथे हशा जरा कमी पडायचा. म्हणून तिनं तेवढा भाग काढून टाकला आणि आपण नामानिराळी राहिली.

अशाच एका बुधवारी खिडकीजवळच्या खुर्चीत एक आई पाच आठवड्यांची मुलगी घेऊन बसली होती. वजनबाईनं रंगात येऊन गोष्ट सांगितली. एका बापानं विचारलं, पुढे त्या बाईंचं काय झालं. "काय होणार? ससा पाळला असेल," वजनबाई म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. खिडकीजवळची आईही हसली. मग खाली वाकून बाळाचे मोजे नीट करत बसली, ती वर्ग संपेपर्यंत.

तीनेक आठवड्यांनी डॉक्टरांनी वजनबाईला आत बोलावून दार लावून घेतलं. ते पाच आठवड्यांचं बाळ आता दोन महिन्यांचं होतं आणि नुकतंच मोठ्या हॉस्पिटलातून घरी आलं होतं. लघवीत जंतुसंसर्ग. तीन दिवस ते नीट दूध ओढत नव्हतं, मरगळून पडलं होतं, लंगोट कोरडे निघत होते, आणि आईला ते सगळं दिसत होतं. आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी बोलून दाखवलं नाही.

"मी विचारलं, आमच्याकडे का नाही आलीस," डॉक्टर म्हणाल्या. "तर म्हणाली, तिथे माझी गोष्ट सांगतात. दोनदा फोन केला होता तिनं. तुमचा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. ओळखलं नाहीत ना? तीच ती गाजरवाली. ही तिची दुसरी मुलगी."

वजनबाईला ते फोन आठवले. पलीकडे नुसता श्वास. ती फोन ठेवून शेजारच्या नर्सला म्हणालीसुद्धा होती, कुणीतरी माझ्या आवाजाच्या प्रेमात पडलंय. दोघी हसल्या होत्या.

तिनं नोंदवहीतून पत्ता काढला आणि दुपारी तिथे गेली. तिसरा मजला. जिन्यात ती माफीची वाक्यं जुळवत होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, तेही ठरत होतं. दुसऱ्या मजल्यावर तिला कळलं की आपण ही पण गोष्टच बसवतोय. तिला स्वतःची शिसारी आली.

दार त्या आईनंच उघडलं. बाळ खांद्यावर होतं. तिनं खुर्चीवरची लंगोटांची चळत उचलली, बसा म्हणाली, आणि स्वतः उभीच राहिली.

वजनबाई बसली नाही. "गाजर द्यायला मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "वर्गात. आणि ते मी लोकांना कधी सांगितलं नाही."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही विसरला असाल."

विसरले होते, असं म्हणून सुटायची सोय तिनं समोर ठेवली होती. वजनबाईला ती घेववेना. "नाही विसरले," ती म्हणाली.

आई बाळाची पाठ थोपटत राहिली. "माझे केस विंचरलेले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "चपलाही एकाच जोडाच्या होत्या. आणि शर्ट वगैरे काही नव्हता." आवाज चढला नव्हता. तिनं चार खडे बोल सुनावले असते तर बरं झालं असतं, असं वजनबाईला वाटलं. माफ करा एवढंच ती कसंबसं म्हणाली.

जायला वळली तेव्हा मागून आवाज आला.

"एक विचारायचं होतं. पण कुणाला सांगणार नाही ना?"

वजनबाई गर्रकन वळली. आता आणखी काय झालंय बाळाला? "नाही सांगणार," ती म्हणाली. "शब्द देते."

आईनं आधी दार लावून घेतलं. मग बाळाला पलंगावर ठेवलं, लंगोट सोडला आणि बाजूला झाली. मांडीच्या घडीत चार-पाच लालसर पुळ्या होत्या. साध्या, ओल्या लंगोटानं येतात तशा. काट्यावर येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या बाळाला असतात तेवढ्याच.

आई बाळाकडे बघत नव्हती. ती वजनबाईच्या तोंडाकडे बघत होती, हसते की काय म्हणून.